त्रेचाळिसावं पान

चाळीस मिनिटं कुठे गळतात, हे शर्वाणी देवस्थळीला काही केल्या सापडत नव्हतं. हौसाबाई मरगळे यांना ते पक्कं ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पाथरटेप हे घाटमाथ्यावरचं अकरा घरांचं गाव. मागे ताठ उभा डोंगर, पुढे ओढा, ओढ्यावर लहानसा पूल आणि पुलापलीकडच्या सपाट माळावर शाळा. डोंगरावरून मोरधार नावाचा धबधबा कोसळतो. धनगरांची ही वाडी पूर्वी म्हशींवर आणि लोण्यावर जगायची. पुढे धबधब्यानं गावाला पाहुणे दिले आणि पाहुण्यांनी पुण्याच्या कारखान्यांत गेलेली पोरं परत आणली. हौसाबाईंचा बिरूही तसाच परतला आणि पाहुण्यांसाठी जीप चालवू लागला. पावसाळ्याचे चार महिने गावात एक खोली रिकामी नसायची.

पण २०४४ साल उजाडेपर्यंत पावसाची रीतच पालटली होती. जो महिनाभर पडायचा, तो दोन दुपारींत पडून मोकळा होऊ लागला. दर वर्षी सह्याद्रीत कुठला ना कुठला उतार खाली यायचा. शेवटी सरकारनं नियम केला. डोंगराच्या पायथ्याला पावसाळ्यात पाहुणे ठेवायचे असतील, तर धोक्याचा भोंगा वाजल्यापासून पन्नास मिनिटांत गाव पाहुण्यांसकट रिकामं करून दाखवायचं. सराव तीन. तिन्हीत नापास झालं, तर पावसाळी मुक्कामाचा परवाना पाच वर्षं बंद. पाच वर्षं म्हणजे पोरं पुन्हा पुण्याला, हे गावातल्या प्रत्येक आईला न सांगता कळत होतं.

पूल ओलांडून शाळेत जमायचे पाथरटेपचे दोन सराव होऊन गेले होते. पहिल्याला नव्वद मिनिटं लागली, दुसऱ्याला अठ्ठ्याऐंशी.

शर्वाणी ही भूशास्त्रज्ञ. वय एकोणतीस, अंगावर कायम पिवळा रेनकोट आणि कपाळावर आठी. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा गावाला वाटलं, मोठमोठी यंत्रं येतील. तिनं आणली एक पेटी, आणि ती जोडली इंटरनेटसाठी डोंगरातून आणि गावच्या वाटांखालून आधीच पुरलेल्या केबलला.

ही केबल म्हणजे आत केसाएवढा काचेचा धागा. त्यातून प्रकाश पाठवला की तो सरळ निघून जात नाही. काचेत जागोजागी सूक्ष्म दोष असतात, त्यांवर आपटून थोडा थोडा मागे येतो. धाग्याच्या आसपासची माती किंचितही ताणली गेली, की परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. तो फरक मोजणारी पेटी एका टोकाला बसवली, की पुरलेल्या धाग्याचा प्रत्येक मीटर कान होऊन बसतो. मातीत पाणी मुरलं की तिच्यातून कंपनं सावकाश धावतात, उतार सुटायला लागला की आत बारीक तडतड सुरू होते. शाळेत ठेवलेला शर्वाणीचा संगणक हे सगळं ऐकून डोंगराला किती वेळ उरला आहे ते सांगायचा. अंदाज काही तास आधी यायचा, पण छातीठोक सांगावं असा इशारा मिळायचा तासभर आधी. त्यातली दहा मिनिटं हातची ठेवून पन्नासचा नियम झाला होता.

धागा ऐकायचा मात्र सगळंच. म्हैस चालली, पोरं धावली, कुणी उखळात कांडलं, सगळं त्याला कळे. हा गोंगाट संगणक गाळून टाकी, कारण शर्वाणीला हवा होता फक्त डोंगर.

अशा बाईला चाळीस मिनिटं सापडू नयेत, याचा तिला भारी राग आला होता. तिनं पूल मोजला, जीपच्या फेऱ्या मोजल्या, पाहुण्यांना बूट घालायला लागणारा वेळसुद्धा मोजला. सगळ्याची बेरीज पन्नासच्या आत येत होती. मग तिसऱ्या सरावाआधी तिनं एक कच्चा सराव ठेवला आणि हातात घड्याळ घेऊन स्वतः हौसाबाईंच्या ओटीवर उभी राहिली.

साडेबाराला बिरूनं भोंगा वाजवला. आतल्या खोलीतलं जळगावचं कुटुंब सहा मिनिटांत पिशव्या घेऊन तयार झालं. शर्वाणीनं खूश होऊन वहीत आकडा लिहिला. तेवढ्यात हौसाबाई पत्रावळ्या घेऊन बाहेर आल्या.

"बसा. पिठलं झालंय, भाकर तव्यावर हाय."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि बसले. नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, नको कोण म्हणणार?

"मावशी, भोंगा झालाय!"

"झाला की. म्हणून तर बिगीबिगी वाढतीय. मॅडम, तुमीबी टेका. सकाळपासून नुसत्या उभ्या हायसा."

शर्वाणी नको नको म्हणता टेकली. दुसरी भाकरी कधी पडली तिला कळलं नाही. ताकाची वाटी तोंडाला लावताना तिचं लक्ष घड्याळाकडं गेलं. एक्केचाळीस मिनिटं झाली होती. समोरच्या घरातही पंगत बसली होती, त्याच्या पलीकडच्या घरातही.

माणसाला स्वतःच्या मूर्खपणाचा राग आला की तो दुसऱ्यावर निघतो. शर्वाणी वाटी ठेवून उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मावशी, डोंगर खाली आला ना, तर ही माणसं तुमच्या हातचं खाता खाता मरतील. तुमचं हे जेवणच त्यांना मारेल."

हौसाबाईंच्या हातात भाकरीचं ताट होतं. त्या ताट घेऊन आत गेल्या आणि दाराला कडी घातली.

तीन दिवस त्या शर्वाणीशी बोलल्या नाहीत. चहा तेवढा बिरूच्या हातून न चुकता जात होता. राग आपल्या जागी आणि चहा आपल्या जागी, अशी त्यांची विभागणी होती.

त्यांना खरोखरच लागलं होतं. नऊ वर्षांच्या असल्यापासून त्या आईबरोबर लोण्याचं मडकं घेऊन घाट उतरत. पाच तासांची उभी वाट, पायाखाली शेवाळ, अंगावर घोंगडीची खोळ. घाटाच्या तळाशी एका कुणब्याचं घर होतं. तिथली भागीरथी नावाची बाई, ना नात्याची ना गोत्याची, या मायलेकींना घासभर खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. उपाशी माणसाचे पाय पावसात घसरतात, असं ती म्हणायची. हौसाबाईंनी घरात पहिला पाहुणा घेतला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर तीच बाई होती. आणि ही कालची पोर म्हणते, तुमचं अन्न माणसं मारेल.

पण हौसाबाईंची एक खोड होती. राग आला तरी त्या ऐकलेलं विसरत नसत. तीन रात्री त्यांनी समोर बसून जेवणारी जळगावची पोरं आठवली आणि पाठीमागचा डोंगर आठवला. चौथ्या दिवशी सकाळी त्या पूल ओलांडून शाळेत गेल्या. शर्वाणी पडद्यासमोर बसली होती. ती गडबडीनं उभी राहिली.

"मावशी, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. मला माफ करा."

"बोललीस. खरं बोललीस, पर वंगाळ बोललीस." हौसाबाईंनी पदरानं बाक पुसला आणि बसल्या. "मला सांग, मान्सं हितं आली की खात्यात काय?"

शर्वाणीनं कोपऱ्यातलं खोकं दाखवलं. "बिस्किटं ठेवलीत ना."

हौसाबाईंनी एक पुडा उचलून उलटासुलटा केला. "हेच्यासाठी कोन पळंल गं?"

शर्वाणीनं खोकं पायानं मागं सरकवलं.

"चूल हिकडं आनू," हौसाबाई म्हणाल्या. "भोंग्यापुरती न्हवं, रोजचीच. पावसाळाभर गावात चूल पेटायची न्हाई. जेवान पुलाच्या ह्या अंगाला. मग ज्याला भूक लागल, त्यो आपल्या पायानं हिकडंच यील."

शर्वाणीनं दोन वर्षं मातीचा ताण, पाण्याचा दाब आणि जीपचा वेग यांची गणितं मांडली होती. ती खाली बसली आणि मनापासून म्हणाली, "मला हे सुचायला हवं होतं."

"तुला कसं सुचंल? तू कदी कुनाला वाढलंयस का?"

गावातल्या बायकांनी मात्र हौसाबाईंना वेड्यात काढलं. प्रत्येक घराची चव निराळी, प्रत्येकीचे पाहुणे ठरलेले. सगळ्यांचं एकाच कढईत शिजवायला पाथरटेप म्हणजे काय वसतिगृह आहे? दोघीतिघींनी तर, शहरातली बाई सांगते आणि ही ऐकते, असं तोंडावर सुनावलं. हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तोड काढली. चुली अकराच राहतील. जिची तिची चूल, जिची तिची भाकरी, जिचे तिचे पाहुणे. आपल्या पाहुण्यांची पानं जिनं तिनं मोजून मांडायची आणि शेवटचा पाहुणा जेवून उठल्याशिवाय स्वतः बसायचं नाही. घरात चालतं तेच, फक्त जागा पुलापलीकडं.

आठवड्याभरात शाळेच्या लांबलचक पडवीत अकरा चुली मांडल्या गेल्या. तिसरा सराव छत्तीस मिनिटांत आटोपला. तपासायला आलेल्या साहेबांना पाहुण्यांच्या या घाईचं फार कौतुक वाटलं. त्यांनी एका आजोबांना विचारलं, भोंग्याची भीती वाटली का? आजोबा म्हणाले, भोंगा कुणाला ऐकू येतोय, वास आला.

गावाला परवाना मिळाला. शर्वाणीच्या कपाळावरची आठी पहिल्यांदाच थोडी सैल झाली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला तो तीन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळपासून धाग्यातली तडतड वाढत गेली. बिरूनं दहालाच गुरं माळावर नेऊन बांधली. साडेबाराला पडदा तांबडा झाला आणि शर्वाणीनं स्वतःच्या हातानं भोंगा वाजवला. या वेळी सराव नव्हता.

गावात त्या दिवशी त्रेचाळीस पाहुणे होते. पाहुण्यांच्या फोनवरून कोण कुठे आहे ते शाळेतल्या पडद्यावर दिसायचं. एकेक ठिपका पूल ओलांडत होता. चौतिसाव्या मिनिटाला शर्वाणी ओरडली, "त्रेचाळीस! सगळे आले!" पडवीत टाळ्या पडल्या. गावकरीही सगळे अलीकडे होते. चुली धगधगत होत्या आणि पानं मांडून झाली होती.

हौसाबाईंचे पाहुणे नऊ. त्या पिठलं वाढत शेवटपर्यंत गेल्या आणि थांबल्या. आठ माणसं बसली होती. नवव्या पानावर भाकरी तशीच होती.

"ह्ये पान कुनाचं?"

शेजारी बसलेली ईरा नावाची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "आजोबांचं. ते मागच्या जीपमधून आले ना?"

तिचे आजोबा म्हणजे कोल्हापूरचे निवृत्त चित्रकला शिक्षक माधवराव सबनीस. वय बहात्तर. मागची जीप बिरूचीच होती. तो म्हणाला, "माझ्या गाडीत न्हवते. मला वाटलं, म्होरच्या गाडीत गेले."

शर्वाणी आतून आली. "मावशी, काहीतरी चूक होतेय. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोन माळावर आहेत. यंत्र दाखवतंय."

"फोन जेवतो का गं तुजा?" हौसाबाई कडाडल्या. "मानूस दाव मला. मानूस कुटं हाय?"

ईरानं घाईनं पाठीवरची पिशवी उघडली. आत आजोबांचा फोन होता. त्याच्याखाली, पावसात भिजू नये म्हणून डबीत ठेवलेलं त्यांचं कानातलं यंत्रही होतं. म्हणजे त्यांना भोंगा ऐकूच आला नव्हता. ईरा रडायला लागली. "ते सकाळी चित्र काढत होते. पण कुठे, ते मला माहीत नाही हो!"

पडद्यावर डोंगराला चोवीस मिनिटं उरली होती. गावात जायच्या वाटा तीन. एक घरांकडं, एक धबधब्याकडं, एक वरच्या गायरानाकडं. तिन्ही पालथ्या घालायला वेळ नव्हता. शिवाय नियम स्पष्ट होता. एकदा पूल ओलांडला की कुणी मागे जायचं नाही. तो नियम शर्वाणीनंच गावाकडून घोकून घेतला होता.

ती धावत आत गेली आणि संगणकाला सांगून गाळणी काढून टाकली. दोन वर्षं जो गोंगाट ती फेकून देत होती, तो आता तिला हवा होता. पडद्यावर पावसाचा सरसकट खडखडाट पसरला. पण गावात माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, उखळ वाजत नव्हतं. त्या पसाऱ्यात एकाच ठिकाणी बारीक टिंबं एका ठेक्यात उमटत होती. टिंब, टिंब, मग थांबा. पुन्हा टिंब.

"पावलं," शर्वाणी म्हणाली. "धबधब्याची पायवाट. पुलापासून सातशे मीटर. इकडेच येताहेत, पण फार हळू."

बिरूनं घोंगडी टाकून दिली. "मी जातो."

पाहुणा हौसाबाईंचा होता आणि पोरगाही त्यांचाच होता. जा म्हणायला जीभ उचलेना आणि नको म्हणायची लाज वाटली. त्या शर्वाणीकडं बघत राहिल्या.

शर्वाणीनं बिरूच्या हातात वॉकीटॉकी दिला. "मी सांगेन त्या क्षणी मागे फिरायचं. माणूस मिळो किंवा न मिळो. कबूल असेल तरच जा."

बिरूनं आईकडं पाहिलं.

"तिचं ऐक," हौसाबाई म्हणाल्या. "मी हाका मारल्या तरी तिचंच ऐक. जा."

तो गेला. पडद्यावर आता दोन ठेके दिसत होते, एक भरधाव आणि एक अडखळता. पडवीत कुणी घास उचलत नव्हतं. हौसाबाई शर्वाणीच्या खुर्चीमागं उभ्या राहून त्या टिंबांकडं बघत होत्या. चौदा मिनिटं. बारा. डोंगराच्या बाजूची तडतड दाट होत चालली. अकरा मिनिटं उरली असताना दोन्ही ठेके एकमेकांत मिसळले आणि त्यातला एक बंद पडला.

"कुनाचा थांबला?" हौसाबाईंनी शर्वाणीचा खांदा घट्ट धरला. "पोरी, कुनाचा?"

शर्वाणीला ते सांगता येत नव्हतं. ती वॉकीटॉकीत ओरडली, "बिरू, मागे फिर! आत्ता!"

खरखर झाली. मग बिरूचा धापा टाकणारा आवाज आला. "फिरलोय... पाठीवर घेतलंय त्येंना."

पडद्यावरचा एकच ठेका आता जड पडत होता आणि पुलाकडं सरकत होता. हौसाबाई पावसात पुलापर्यंत धावत गेल्या.

बिरू माळावर आल्यावर दोन मिनिटांनी डोंगर आला. आधी झाडं चालू लागली, मग सगळा उतारच हलला, आणि आवाज मागून पोचला. पश्चिमेकडची तीन घरं त्याखाली गेली. मधलं हौसाबाईंचं होतं. आठ घरं वाचली. माणूस एकही गेलं नाही.

सबनीस गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. "धबधब्यापाशी चित्राची वही विसरली होती," ते म्हणाले. "ती आणायला वळलो. वहीचाही लगदा झाला. माझ्यापायी या पोराचा जीव..."

"आधी जेवा," हौसाबाईंनी त्यांना हाताला धरून नवव्या पानावर बसवलं. "रागावनार हाय मी तुमच्यावर. पर जेवल्यावर."

गुरुजींचं जेवण होईपर्यंत त्या उभ्या होत्या. ते हात धुवायला उठले, तशा हौसाबाई पडवीच्या टोकाला गेल्या. घर होतं तिथं लाल चिखल होता. बावीस वर्षं त्यांनी ते घर खोलीखोलीनं वाढवलं होतं. त्या मोठ्यानं रडल्या, कुणाची भीड न ठेवता रडल्या. शर्वाणी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग ती परत आली, एक पत्रावळ मांडली, भाकरी वाढली आणि पिठल्याचं भांडं घेऊन बसली. भाकरी वेडीवाकडी तुटली होती आणि पिठलं पानाबाहेर गेलं होतं.

"या मावशी. तुम्ही राहिलात."

हौसाबाईंनी पानाकडं पाहिलं, डोळे पुसले आणि बसल्या.

दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "ह्या माळाखाली काय हाय गं?"

"अखंड खडक. मागे उतारही नाही. दोन वर्षांत इथे धाग्याला एकदाही तडतड ऐकू आलेली नाही."

"मग घर हितंच बांधू. उरलेल्या आठ घरांनीबी हिकडं यावं. डोंगर बघायचा तो लांबनं बघावा."

एवढ्यात बिरू फोन घेऊन आला. अहिल्यानगरचं एक कुटुंब होतं. पुढच्या महिन्यात त्यांचा चार दिवसांचा मुक्काम ठरला होता. बातमी पाहून ते विचारत होते, यायचं की रद्द करायचं? बिरूनं फोनवर हात ठेवला. "आये, काय सांगू? न्हाई म्हनू?"

हौसाबाईंनी डावा हात पुढं करून फोन घेतला.

"कोन बोलतंय? हां, बाई, खरं हाय. घर गेलं. मान्सं समदी हायेत... या की. तवर माळावर निवारा हुईल, शाळा हाय, जागेची कमी न्हाई. धबधबाबी दिसतो हितनं." त्या थांबल्या. समोरच्या बाईनं जेवणाचं विचारलं असावं. "जेवान तर हायेच. पर एक आत्ताच ऐकून ठेवा. भोंगा झाला, तर मी तुमाला भरल्या ताटावरनं उठवीन. हातातला घास खाली ठिवायचा आन् मी म्हनंल तिकडं पळायचं. चालत आसंल तर या."